बीज-जनुकांचे प्रतिलेखन घटक

वनस्पतीच्या बीजात कोणते प्रथिन केव्हा आणि किती साठवायचे, हे जनुकालगतच्या डीएनएला बिलगून ठरवणाऱ्या नियंत्रक प्रथिनांना बीज-जनुकांचे प्रतिलेखन घटक (ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर) म्हणतात. गोव्याच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, सरद (पावसाळी) भाताचा दाणा दुधात असतो, तेव्हा त्याच्या भ्रूणपोषात (दाण्यातील अन्नसाठ्याच्या भागात) ग्लुटेलिन हे साठ्याचे प्रथिन वेगाने तयार होत असते. त्याची जनुके त्याच रोपाच्या पानांत आणि मुळांतही असतात, पण तेथे ती मूक राहतात.

अरॅबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीत सापडलेल्या एबीआय३, एफयूएस३ आणि एलईसी२ या घटकांतील बी३ नावाचा भाग डीएनएच्या रुंद खाचेत बसून सी-ए-टी-जी-सी-ए हा अक्षरक्रम (ए, टी, जी, सी ही डीएनएची रासायनिक अक्षरे) ओळखतो. मात्र भाताच्या सुमारे ३९ कोटी अक्षरांच्या जनुकसंचात असा सहा अक्षरी क्रम निव्वळ योगायोगानेही लाखाहून अधिक ठिकाणी सापडावा, त्यामुळे एकट्या क्रमावर नियंत्रण उभे राहणे शक्यच नाही. निवड साधते ती शेजारच्या इतर क्रमांमुळे, तेथे बसणाऱ्या जोडीदार प्रथिनांमुळे आणि डीएनए त्या वेळी किती मोकळा आहे यामुळे. भातात आरआयएसबीझेड१ हा घटक टी-जी-ए-जी-टी-सी-ए या क्रमावर, तर आरपीबीएफ हा ए-ए-ए-जी असलेल्या क्रमावर बसतो. यांपैकी एकाचेच प्रमाण घटवले तर साठ्यात फारसा फरक पडत नाही, दोन्ही घटवली की साठा लक्षणीय उतरतो. या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग म्हणावा लागेल.

साठा भरल्यावर बीजाला सुप्तावस्थेत नेण्याचे कामही बी३ भाग असलेल्या याच गटाकडे असते. मक्यातील व्हीपी१ हा एबीआय३चा समधर्मी (दुसऱ्या वनस्पतीतला त्याचाच प्रतिरूप) घटक निकामी झाला, तर ॲब्सिसिक आम्ल या सुप्तावस्था राखणाऱ्या संप्रेरकाचा संदेश भ्रूणापर्यंत नीट पोचत नाही आणि दाणे कणसावरच रुजतात. भातातील याचा समधर्मी घटक एसडीआर४ या जनुकाला चालना देतो, आणि दाण्याची सुप्तावस्था बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते. कापणीच्या तोंडावर परतीचा पाऊस लांबला की आडव्या पडलेल्या भाताच्या लोंबीतच कोंब फुटतात. ज्या वाणांची सुप्तावस्था उथळ, त्यांना हा धोका अधिक. गोव्यातील मांडवी नदीकाठच्या कांदळाच्या (खारफुटीच्या) फळातून झाडावर असतानाच हिरवा दांडा लोंबू लागतो, तो मात्र दोष नव्हे. अशा जरायुज (झाडावरच बी रुजणाऱ्या) वृक्षांच्या भ्रूणांत ॲब्सिसिक आम्ल कमी आढळते, आणि सुप्तावस्था टाळणे हाच त्यांच्या पुनरुत्पादनाचा नेहमीचा मार्ग आहे.