जँगोमधलं 'गेट' हळू नाही
आयडीवरून डेटाबेसमधली एकच नोंद काढायची तर पायथनच्या जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये 'गेट' टाळा, 'फिल्टर'ला 'फर्स्ट' जोडा, त्यात 'लिमिट १' (एकच ओळ आणा) असल्याने ते वेगवान, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चूक आहे. आयडी ही प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख. तिच्यावर युनिक इंडेक्स (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारी सूची) असतो. सापडलीच तर एकच ओळ सापडणार. लिमिट लावून वाचणार काय? बरं, 'गेट'च्या क्वेरीलाही सहसा लिमिट असतंच, चक्क २१! (इतर अटींवर शोधताना जास्त ओळी निघाल्या, तर किती ते एररमध्ये सांगता यावं म्हणून.) खरा फरक नोंद नसेल तेव्हा कळतो. 'गेट' तिथल्या तिथे 'डझनॉटएक्झिस्ट' एरर देतं. 'फर्स्ट' गुपचूप 'नन' (काहीच नाही) परत करतं आणि प्रोग्राम पुढे कोडच्या भलत्याच ओळीवर कोसळतो. व्ह्यूमध्ये (वेब-विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) तर सरळ 'गेट ऑब्जेक्ट ऑर ४०४' वापरावं, नोंद नसेल तर ते '४०४, सापडलं नाही' असं उत्तर देतं.