संसर्गजन्य रोगांतील वस्तीनिहाय तफावत (मराठवाडा)

एकाच तालुक्यात गावठाणात क्षय, गोवर, कावीळ, हगवण यांचे प्रमाण एक आणि तांड्यावर किंवा पालावर दुसरे, अशा फरकाला रोगदरातील तफावत म्हणतात. अमेरिकेत ती वंशाप्रमाणे मोजतात; मराठवाड्यात ती जात आणि वस्ती या दोन्हींच्या रेषेने जाते. तिचे कारण रक्तात शोधणे चूक. दाटी, कुपोषण, चुलीचा धूर, पाणी आणि अर्धवट राहिलेले उपचार यांतून ती तयार होते.

क्षयरोगात हे सर्वांत ठळक दिसते. साधा कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने रोज चार औषधे, पुढे चार महिने तीन. समजा, ऑगस्टअखेर गोळ्या सुरू झाल्या. दिवाळीपर्यंत खोकला थांबतो, वजन वाढते आणि नेमका तेव्हाच ऊसतोडीचा हंगाम उभा राहतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा कोयता (तोडणीची जोडी) ठरलेला असतो. बरे वाटणारा माणूस टोळीबरोबर निघतो आणि गोळ्या संपल्या की थांबतो. फडावरून दवाखान्यात जायचे म्हणजे खाडा. मधेच सोडलेल्या औषधाला जंतू दाद देईनासा होऊ शकतो, आणि कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, शेजारी लेकरेच झोपलेली असतात.

म्हणून निघण्यापूर्वी रुग्णाची निक्षय (क्षयरुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंद कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राकडे बदलून घ्यावी, किमान महिन्याच्या गोळ्या व कार्ड सोबत द्यावे, टोळीतल्या एकाचा तरी फोन नंबर लिहून घ्यावा. गोळ्यांमुळे लघवी नारिंगी होते हे आधीच सांगावे. न सांगितल्यास घाबरून औषध सोडणारे भेटतात. दोन आठवड्यांवर खोकला असणाऱ्याचा बेडका तपासावा. डबीत नुसती थुंकी आली तर तपासणी वाया जाते.

तफावत मोजताना घोटाळा होतो तो अंशात, म्हणजे रुग्णांच्या मोजणीत. 2,000 वस्तीच्या गावात वर्षात 4 रुग्ण म्हणजे लाखाला 200. त्यांतले दोघे कारखान्याकडे नोंदले गेले, तर गावाचा दर कागदावर 100 होतो आणि गाव निरोगी ठरते. शिवाय जिथे तपासणी जास्त तिथे रुग्ण जास्त सापडतात. एवढ्या लहान आकड्यांवर एका वर्षाचा निष्कर्ष काढू नये. तीन-पाच वर्षे एकत्र घ्यावीत आणि घरोघरची पाहणी टोळ्या परतल्यावर, मे महिन्यात करावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तक्त्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास हे रकाने असतात. बंजारा, वडार अशा विमुक्त जातींना स्वतंत्र रकाना नाही, त्यामुळे त्यांचे आकडे इतरांत विरून जातात.

गोवराचे कारण बरेचसे हेच: 9 ते 12 महिन्यांचा डोस चुकतो तो मूल फडावर असताना.

पाण्याचे गणित सोपे आहे, पाळले जात नाही एवढेच. हजार लिटरला चांगल्या ब्लीचिंग पावडरीचे अडीच ग्रॅम, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरला 25, आणि मग तासभर थांबणे. उन्हात उघडी राहिलेली पावडर क्लोरीन गमावते; वजन बरोबर असूनही पाणी निर्जंतुक होत नाही. तांडा बहुधा नळाच्या शेवटच्या टोकाला असतो. ओटी चाचणीचा (पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहणारी चाचणी) पिवळा रंग टाकीजवळ येतो आणि तिथे येतच नाही, म्हणून नमुना त्या शेवटच्या तोटीचा घ्यावा.