समुद्राला सातबारा नसतो: मालवण सागरी अभयारण्याची पार्श्वभूमी

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडी जाते ते पाणी १३ एप्रिल १९८७ पासून अभयारण्य आहे. महाराष्ट्रातलं हे पहिलं सागरी अभयारण्य. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यात किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे बुडीत खडक मिळून ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा, बाकीचं २५.९४ चौरस किलोमीटर बफर. मच्छीमारांचा विरोधही जवळजवळ तेवढाच जुना. ‘यांना प्रवाळ नको आहे’ असा त्याचा अर्थ लावला जातो, तो चुकीचा आहे.

आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ विरळच. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, पाणी गढूळ होतं, खारटपणा उतरतो. प्रवाळाला यातलं काहीच मानवत नाही. मालवणला खडकांच्या आडोशाने तो टिकून आहे. सारगॅसमसारखं समुद्रशेवाळही तिथेच माजतं. गोबरा आणि तांबोशी खडकातच मिळतात हे मालवणातल्या पोरालाही ठाऊक असतं. ते खडक जपले पाहिजेत यावर इथे फारसा वाद कधीच नव्हता. वाद होता तो आधी घोषणा आणि मग विचारणा या क्रमावर.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या मूळ कलम १८ प्रमाणे राज्य सरकार अधिसूचना काढून थेट अभयारण्य घोषित करू शकत होतं; लोकांच्या हक्कांची चौकशी त्यानंतर. मालवण याच पद्धतीने घोषित झालं. १९९१ च्या दुरुस्तीने क्रम बदलला: आधी इरादा जाहीर करायचा, मग जिल्हाधिकाऱ्यांनी हक्क तपासायचे, अंतिम घोषणा शेवटी. त्याच दुरुस्तीत कलम २६अ आलं. प्रादेशिक सागरी हद्दीतलं पाणी घ्यायचं असेल तर केंद्राची पूर्वसंमती हवी, आणि सीमा ठरवण्याआधी स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हिताच्या रक्षणाची पुरेशी तजवीज हवी, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षं आधीची. पुढे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या अभयारण्यांतली हक्कनिश्चिती वर्षभरात संपवायला सांगितलं, आणि बासनात पडलेला विषय पुन्हा वर आला.

अडचण कायद्याच्या भाषेतही आहे. जिल्हाधिकारी तपासतो ते ‘जमिनीतले किंवा जमिनीवरचे’ हक्क. कायद्यातल्या ‘जमीन’ या शब्दाच्या व्याख्येत खाडी, नदी, तलाव, पाणथळ जागा, अगदी खडकसुद्धा आहेत. समुद्राचं नाव नाही. शेतकऱ्याजवळ सातबारा असतो, फेरफार असतो. चार पिढ्या एकाच किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या गाबित मच्छीमारांनी काय दाखवायचं? शिवाय गाभा आणि बफर हा भेद अधिसूचनेतला आहे. अभयारण्याबाबत कायदा तो करत नाही. कलम २९ अभयारण्यातून परवान्याशिवाय कुठलंही वन्यजीवन काढायला मनाई करतं आणि ते सगळ्या २९ चौरस किलोमीटरला सारखंच लागू. रीतसर परवानगीच्या गुरचराईला त्याच कलमात सूट दिलेली आहे. मासेमारीचा तसा उल्लेख नाही. बफरमध्ये मासेमारी चालू राहील, हे आश्वासन म्हणूनच कुणाला पुरेसं वाटलं नाही.

रापण कशी चालते ते पाहिलं की हे अधिक कळतं. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळाकार फिरते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग दोन्हीकडून माणसं ओढत ओढत एकमेकांजवळ सरकतात. जाळं एका मालकाचं नसतं. भागधारकांचे तुकडे जोडून ते होतं, आणि होडीचा, जाळ्याचा, माणसाचा वाटा वेगवेगळा निघतो. तळ रेतीचाच हवा. खडक लागला तर जाळ्याची खालची कड अडकून फाटते, आणि अडकलेल्या जागेखालून तारली, बांगडा निसटून जातो. म्हणजे रापणकर प्रवाळाच्या खडकावर जाळं टाकतच नाही. त्याचा किनारा मात्र बफरमध्ये येतो.

संरक्षित पाणी ही तर पारंपरिक मच्छीमारांचीच जुनी मागणी. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकार मातानी साल्ढाणांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले, ते ट्रॉलर (तळावरून जाळं ओढणाऱ्या यांत्रिक नौका) आणि पर्ससीनपासून किनारा वाचवण्यासाठी. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा. बटव्याची नाडी ओढावी तसं पर्ससीन जाळं खालून आवळलं जातं आणि बांगड्याचा अख्खा थवा किनाऱ्याला लागण्याआधीच उचलला जातो. मालवणने यासाठी वर्षानुवर्षं भांडून ५ फेब्रुवारी २०१६ चा पर्ससीनवर निर्बंध घालणारा शासन आदेश मिळवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. हे सगळं मत्स्यव्यवसाय खात्याकडे, अभयारण्य वन खात्याकडे; पाणी तेच असलं तरी दोन खात्यांचे कायदे एकमेकांकडे बघत नाहीत.

दरम्यान गाभ्यात वर्दळ वाढली ती पर्यटनाची. स्नॉर्केलिंगची होडी खडकावर थांबते, नांगर पडतो. भरतीच्या ओढीने होडी सरकली की नांगराचे आकडे तळावरून फरफटतात आणि वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढणारा प्रवाळ मोडतो. उपाय साधा आहे: तळाला पक्का बांधलेला बोया, ज्याला होडी अडकवता येते आणि नांगर टाकावाच लागत नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात अशाच गोष्टींवर भर होता. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटाला चौकोनी आसाचं (छिद्रांचं) जाळं, हे त्यातलंच एक. शंकरपाळ्याच्या आकाराचे आस ताण आला की मिटतात आणि पिल्लं आत राहतात. चौकोनी आस उघडे राहतात.

हक्कनिश्चितीचा प्रश्न यातून सुटत नाही. कलम २१ प्रमाणे उद्घोषणा निघाली की दोन महिन्यांत लेखी दावा करायचा असतो, हक्काचं स्वरूप आणि व्याप्ती सांगून. रापण संघाचं काम त्यातल्या त्यात सोपं: कोणता किनारा, कुठून कुठवर, कोणते महिने, किती भागधारक. होडीवाल्याकडे नौकेची नोंदणी आणि परवाना असतो. पण सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी कोयती आणि टोपली घेऊन खडकांवर शिनाणे, कालवं असे शिंपले काढणाऱ्या बाईच्या नावावर नौका नाही, परवाना नाही, संघाच्या वहीत वाटाही नाही. आणि ती ज्या खडकांवर वाकलेली असते, त्याच खडकांसाठी हे अभयारण्य झालं आहे.