मुलांची आपसातली भांडणं आणि भावना बोलून दाखवणं

मित्रमैत्रिणींशी बिनसलं की त्यातून वाट कशी काढायची आणि मनात काय चाललंय ते कसं सांगायचं, हे मुलाला शिकायला मदत करणं म्हणजे हा विषय. भांडण मिटवून देणं वेगळं आणि भांडण निस्तरायला शिकवणं वेगळं, मोठी माणसं बहुतेक वेळा पहिलंच करतात कारण ते पटकन उरकतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ सालीच हा मुद्दा मांडला होता की मोठ्यांपुढे मूल नुसतं ऐकून घेतं, पण बरोबरीच्या मुलासमोर त्याला आपलं म्हणणं पटवावं लागतं आणि समोरच्याचंही ऐकावं लागतं, म्हणजे नियम आणि न्याय या गोष्टी ते खरं तर तिथेच शिकतं.

अडचण अशी की भांडण झालं तिथे भावना दिसतच नाही. मूल घरी येतं, दप्तर कोपऱ्यात भिरकावतं, काय झालं विचारलं तर "काही नाही", आणि अर्ध्या तासाने धाकट्या भावावर एका पेन्सिलीवरून खेकसतं. वरवर राग असतो, खाली बघितलं तर सगळ्यांसमोर झालेला अपमान, हेवा, नाहीतर आपण एकटे पडलो ही धास्ती. लहान मुलाकडे यासाठी शब्द दोनच, राग आला आणि रडू आलं, त्यामुळे मोठ्यांनी अंदाज करून शब्द पुढे करायचा, "तुला न विचारता टीम केली म्हणून लागलं का तुला?" असा, आणि अंदाज चुकला तरी बिघडत नाही, मूल "नाही, तसं नाही" म्हणत स्वतःच खरं काय ते सांगायला लागतं. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जे इमोशन कोचिंग मांडलं त्याचा गाभा हाच, भावना ओळखा, ऐका, तिला नाव द्या, वागण्याला मर्यादा घाला आणि मगच उपायाकडे वळा. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात चेहऱ्यांच्या फोटोंवरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, हालचाल कमी झालेली दिसली, अर्थात ती मोठी माणसं होती आणि समोर नुसते फोटो होते, त्यावरून घरातल्या रडारडीबद्दल फार मोठे दावे करू नयेत.

बोलायचं कसं, यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांचं "मी"पासून सुरू होणारं वाक्य प्रसिद्ध आहे. "तू नेहमी मला टाळतोस" याऐवजी "काल मला ग्रुपमधून काढलंस, मला वाईट वाटलं." कल्पना चांगली, पण तेरा वर्षांच्या मुलाला हे पाठ करून बोलायला लावलं तर मित्र हसतील, त्याच्या भाषेत "यार, ते मला आवडलं नाही" एवढंही पुरतं.

मध्येच येणारा शब्द म्हणजे "मुद्दाम". पाठीत बॉल लागला तर तो चुकून लागला की मुद्दाम मारला हे कळत नसतं, आणि केनेथ डॉज यांनी १९८० च्या संशोधनात दाखवलं की आक्रमक मुलं अशा वेळी मुद्दामच धरून चालतात. अशा वेळी उलटतपासणी न करता "अजून काय कारण असेल?" एवढंच विचारावं, तेही डोकं थंड झाल्यावर.

बोलणं नेहमीच औषध असतं असंही नाही. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये दाखवलं की मैत्रिणी एकच दुखणं पुन्हा पुन्हा उगाळत बसल्या तर मैत्री घट्ट होते पण उदासी आणि चिंताही वाढलेली आढळते. म्हणून एकदा मनसोक्त ऐकावं आणि मग "उद्या शाळेत काय करणार?" इकडे न्यावं.

हे सगळं बरोबरीच्या भांडणाला लागू. नॉर्वेत काम केलेले डॅन ओल्व्हेउस यांनी बुलिंगच्या, म्हणजे दादागिरी करून छळण्याच्या, तीन खुणा सांगितल्या, त्रास द्यायचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि ताकदीतला फरक. तिथे "तुम्ही आपसात मिटवा" म्हणणं म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणं, मोठ्यांनी मध्ये पडायलाच हवं, कुठे काय झालं ते लिहून ठेवावं, मेसेज असतील तर स्क्रीनशॉट ठेवावेत आणि शाळेशी बोलावं.

राहता राहिलं "सॉरी म्हण आधी!" जबरदस्तीचं सॉरी जमिनीकडे बघत पुटपुटलं जातं आणि दोघांनाही ते खोटं आहे हे माहीत असतं. त्यापेक्षा फाडलेलं चित्र चिकटपट्टी लावून परत देणं किंवा दुसऱ्या दिवशी खेळायला हाक मारणं मुलांना जास्त कळतं.