स्वे बार: कल रोखणाऱ्या दांड्याचा इतिहास

स्वे बार म्हणजे गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांचे सस्पेन्शन जोडणारा आडवा पोलादी दांडा. तो बदलायचा ठरला की पहिली चौकशी जाडीची होते. त्याआधी ठरवायला हवे की पुढचा बदलायचा की मागचा. हा निर्णय इतका निर्णायक का, ते या दांड्याच्या इतिहासात दडलेले आहे.

कॅनडातील फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना 1919 मध्ये अशा दांड्याचे पेटंट मिळाले. पण तेव्हाच्या गाड्यांचे पाटे इतके कडक असत की त्याची फारशी गरज भासली नाही. ती भासली 1934 नंतर. रोल्स-रॉइसमधून आलेल्या मॉरिस ऑली यांच्या प्रयोगांतून जनरल मोटर्सने पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि मऊ स्प्रिंग दिले. प्रवास सुखाचा झाला, पण वळणावर गाडी जास्त कलू लागली. स्वे बारने हा पेच सोडवला. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली की दांडा बुशांत, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी कड्यांत, नुसता फिरतो. एक वर आणि एक खाली गेले की त्याला पीळ बसतो आणि तो कलण्याला विरोध करतो. म्हणजे स्प्रिंग मऊ ठेवूनही कल कमी करता आला.

मात्र वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांकडे एकूण किती भार सरकणार, हे मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधले अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरते. त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, एवढे दांडा ठरवतो. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे ज्या जोडीवर दांडा जाड, त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढचा जाड केला की अंडरस्टीअर, म्हणजे स्टीअरिंगच्या मानाने गाडी कमी वळणे, वाढतो; मागचा जाड केला की गाडी वळणात सहज शिरते, आणि अती झाले तर शेपूट सुटते.

याचा धडा शेवरोले कॉर्व्हेअरने दिला. 1960 च्या या गाडीचे इंजिन मागे होते, मागचे सस्पेन्शन स्विंग ॲक्सलचे (चाक वर-खाली होताना अर्ध्या ॲक्सलसह तिरके होणारे) होते आणि पुढे स्वे बार नव्हता. तोल राखायला टायरच्या हवेवर भिस्त होती: थंड टायरमध्ये पुढे 15 पीएसआय, मागे 26. हवा भरताना हा फरक मोडला की वळणावर मागची बाजू दगा देई. 1964 च्या मॉडेलमध्ये पुढचा स्वे बार आणि मागे आडवा पाटा आला. वळणावर सरकणाऱ्या भाराचा जास्त वाटा पुढच्या जोडीकडे गेला. एवढासा दांडा, पण सुरुवातीपासून बसवायला हवा होता.

फोक्सवॅगन बीटलला पुढचा दांडा 1960 च्या मॉडेलपासूनच मिळाला होता. मागच्या स्विंग ॲक्सलवर नंतर झेड आकाराचा दांडा आला. तो उलट वागतो: दोन्ही चाके एकत्र दबली की भार घेतो, गाडी कलताना मात्र मोकळा राहतो.

आजच्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या कारखान्यातूनच अंडरस्टीअरकडे झुकलेल्या येतात, कारण घाबरलेला चालक ॲक्सिलरेटर सोडतो तेव्हा तेच सुरक्षित ठरते. म्हणून अशा गाडीत बदल करायचा तर आधी मागचा दांडा. इथे जाडीचा हिशेब नीट कळायला हवा. भरीव दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. 20 ऐवजी 22 मिमी घेतला तर वाढ 46 टक्के, 22 ऐवजी 25 घेतला तर 67 टक्के. पोकळ दांडाही चालतो: 25 मिमी व्यास आणि 3 मिमी जाडीची नळी भरीव दांड्याच्या 67 टक्के कडकपणा देते, वजन मात्र 42 टक्केच. टोकाला दोन-तीन भोके असतील तर बुशाच्या बाजूचे भोक जास्त कडक, कारण हात आखूड होतो.

बसवताना दोन्ही चाके एकाच उंचीवर हवीत. एक बाजू जॅकवर, दुसरी जमिनीवर असेल तर दांड्याला आधीच पीळ बसतो आणि लिंकचे (दांड्याचे टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दुव्याचे) भोक जुळत नाही. ते ठोकून जुळवू नये. बुशाचा आतला व्यास नव्या दांड्याइतकाच घ्यावा. जुन्या बुशात जाड दांडा कोंबला की तो अडकतो. पॉलियुरेथेन बुशाला सिलिकॉन ग्रीस लावावे, नाहीतर काही दिवसांतच कुरकुर सुरू होते. कडक दांड्याचा सगळा जोर लिंक आणि ब्रॅकेटवर येतो, त्यामुळे झिजलेल्या लिंक त्याच वेळी बदलाव्यात आणि सबफ्रेमवर (सस्पेन्शन पेलणाऱ्या खालच्या सांगाड्यावर) ब्रॅकेटभोवती तडे आहेत का ते पाहावे.

जाड दांड्याची एक किंमत टळत नाही: एकच चाक खड्ड्यात गेले तरी धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. सित्रोएन झान्टिया ॲक्टिव्हाने 1990 च्या दशकात हायड्रॉलिक सिलिंडर लावून कल जेमतेम अर्ध्या अंशावर आणला. 2001 च्या बीएमडब्ल्यू 7 सिरीजने दांडा मध्ये तोडून तिथे हायड्रॉलिक मोटर बसवली. 2016 च्या ऑडी एसक्यू7 मध्ये तिची जागा 48 व्होल्टच्या विजेच्या मोटरने घेतली. ती वळणावर दोन्ही अर्धे एकमेकांविरुद्ध पिळते आणि खडबडीत रस्त्यावर त्यांना मोकळे सोडते.