६० मीटरची मर्यादा आणि तिच्याखालचा दगड

मराठवाड्यात बोअरच्या खोलीचा विषय निघाला की बोलणं पावसावर, उसावर आणि विजेच्या बिलावर जातं. दगडावर क्वचितच येतं. पण शेतीच्या बोअरला कायद्याने घातलेल्या ६० मीटरच्या मर्यादेखाली जावं की नाही, याचं बरंचसं उत्तर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथला लाव्हा कसा थिजला यात आहे.

पृथ्वीच्या पोटात वितळलेल्या खडकाचा समुद्र नाही. कवचाखालचा जाड थर, म्हणजे खोलवरचं प्रावरण, प्रचंड तापलेलं असूनही वरच्या दाबामुळे घनच राहतं. ते वर सरकू लागलं की दाब उतरतो आणि त्याचा थोडासा भाग वितळतो. हा शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून फटींतून वर चढतो. आपला भूखंड तेव्हा हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त जागेवरून उत्तरेकडे चालला होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. भेगांमध्येच थिजलेल्या रसाच्या उभ्या भिंती धुळे-नंदुरबारकडे रांगेने दिसतात. आपल्याकडे त्या विरळ. मराठवाड्याच्या वाट्याला मुख्यतः आला तो बाहेर पडून पसरलेला रस, थरावर थर.

हे थर म्हणजे एकेका सपाट फरशा, असं पूर्वी सरसकट समजलं जाई. आता चित्र बदललंय. दुधावर साय यावी तशी लाव्ह्यावर आधी कातडी धरते, आतून नवा रस येत राहतो आणि थर फुगत जातो. वायूचे बुडबुडे वर चढून कातडीखाली अडकतात. त्यामुळे थराचा माथा सच्छिद्र, तर सावकाश निवलेला मधला भाग घट्ट. माथ्यावरची छिद्रं पुढे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशा खनिजांनी भरली. विहीर खोदणारे या ठिपकेदार दगडाला मांजऱ्या म्हणतात आणि मधल्या घट्ट भागाला काळा पाषाण. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो, म्हणजे तिथे पुढचा लाव्हा येईपर्यंत बराच काळ गेला होता.

पाणी राहतं ते वरच्या मुरमात, कुजलेल्या मांजऱ्यात, पाषाणाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. मुरमातलं पाणी दर पावसाळ्यात भरतं. खोल सांध्यातलं तसं भरत नाही. वरून पाणी झिरपायला मध्ये पाषाण आडवा असतो.

१९७२च्या दुष्काळापर्यंत मराठवाडा बहुतांशी आडांवर आणि विहिरींवर जगला, म्हणजे वरच्या कुजलेल्या थरावर. नंतर बोअरची यंत्रं आली, आधी पिण्याच्या पाण्यासाठी, मग उसासाठी. दोनशे फुटांचे पाचशे झाले, लातूर-बीडकडे हजारांपर्यंत आकडे गेले. राज्याच्या भूजल कायद्यावर २००९ साल आहे, पण तो लागू व्हायला २०१४ उजाडलं. त्यात ६० मीटर, म्हणजे साधारण १९७ फुटांपेक्षा खोल विहिरी शेती आणि उद्योगांसाठी घेण्यावर बंदी आली. नियमांचा मसुदा यायला आणखी चार वर्षं गेली. तोवर, २०१६ साली, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

मर्यादेवरचा मुख्य आक्षेप रास्त आहे: दगड सगळीकडे सारखा नाही. एका गावात सांधा ५० मीटरवर, शेजारी ७५ वर. नांदेडच्या देगलूर-बिलोली भागात तर लाव्हा संपून खालचा ग्रॅनाइटच उघडा पडतो. तो बाहेर न पडता खोल पोटातच सावकाश निवलेला रस, म्हणून त्याचे दाणे डोळ्यांना दिसतात. वयानेही तो लाव्ह्याहून कितीतरी जुना. दोघांना एकच पट्टी लावणं सोयीचं असेल, शास्त्रीय नाही. दुसरा आक्षेप कोरडवाहू शेतकऱ्याचा: ज्यांनी आधी खोल जाऊन ऊस पिकवला ते सुटले, आता बंदी आम्हाला. याला समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

तरीही खोल जाण्याच्या बाजूने जे बोललं जातं, त्यात एक गोष्ट सोयीने गळते. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. त्यात लाव्ह्याचे थर ३३८ मीटरवर संपले, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा खडक लागला आणि मग थेट प्राचीन स्फटिकी खडक. म्हणजे त्या परिसरात हजार फुटांचा बोअर लाव्ह्याचं जवळजवळ सगळं गाठोडं पार करतो. वर शंभरेक फूट मुरूम-मांजऱ्यात पाणी मुरवायला वाव असताना शेवटच्या शंभर फुटांसाठी कर्ज काढायचं, हा हिशेब दगड पाहता जमत नाही. शिवाय खोल बोअरला केसिंग, म्हणजे वरच्या भागात बसवायचा पाइप, नीट नसेल, तर वरच्या थरातलं पाणी त्यातूनच खाली उतरतं आणि शेजारच्या जुन्या विहिरीची पातळी घटते.