स्किझोफ्रेनियाचं ‘ते एक जनुक’ का सापडलं नाही

मानसिक आजारांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास सुरुवातीलाच मोजणीच्या पेचात अडकला. कुटुंब संशोधकाच्या नजरेस येतं तेच मुळी त्यातलं कोणी आजारी आहे म्हणून. त्या रुग्णालाही मोजलं की आजाऱ्यांचं प्रमाण फुगतं. जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी तोड काढली: मूळ रुग्ण वगळा, भावंडं मोजा. म्युनिकच्या अर्न्स्ट रुडिन यांनी 1916मध्ये याच पद्धतीने स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराच्या, रुग्णांची भावंडं तपासली, तेव्हा एका जनुकासाठीच्या मेंडेलच्या साध्या नियमात बसेल इतकं प्रमाण भरलं नाही. तरीही हेच रुडिन 1933च्या नाझी नसबंदी कायद्याच्या अधिकृत भाष्याचे सहलेखक झाले. त्या कायद्याखाली सुमारे 4 लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली. या विषयाच्या इतिहासात ही गोष्ट तळटीपेत ढकलता येणार नाही.

एडिनबरोच्या डग्लस फॅल्कनर यांनी 1965मध्ये मांडलं की आजाराची प्रवणता, म्हणजे आजाराकडे असलेला कल, उंचीसारखी सगळ्यांतच कमी-अधिक असते, आणि एक उंबरठा ओलांडला की आजार दिसतो. मानसिक आजारांच्या आनुवंशिकतेचे अभ्यासक गॉट्समन आणि शील्ड्स यांनी 1967मध्ये हे गणित स्किझोफ्रेनियाला लावलं: जनुक एक नाही, अनेक.

पण एका जनुकाचा मोह सुटला नाही. 1987मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातल्या आमिश या ख्रिस्ती समाजाच्या एका घराण्यात बायपोलर आजाराचा (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजाराचा) दुवा 11व्या गुणसूत्रावर सापडल्याचं जाहीर झालं. पुढे निरोगी म्हणून नोंदलेले दोघे आजारी पडले, त्याच घराण्यातली आणखी माणसं तपासली गेली आणि 1989मध्ये पुरावा कोसळला.

कलाटणी मिळाली 2009मध्ये. एका आंतरराष्ट्रीय गटाने स्किझोफ्रेनियासाठी, सुट्या सुट्या पाहता नगण्य वाटणाऱ्या हजारो जनुकीय फरकांची एकत्र बेरीज केली. ही बेरीज दुसऱ्याच नमुन्यातल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत निरोगी लोकांपेक्षा जास्त भरली. बायपोलर रुग्णांतही ती जास्त निघाली. हृदयविकार, मधुमेहात नाही. फॅल्कनर यांची कमी-अधिक प्रवणता अखेर डीएनएमध्ये दिसली. मग नमुने वाढवणं हाच मार्ग उरला: 2014मध्ये सुमारे 37,000 रुग्णांतून जनुकसंचातल्या आजाराशी जोडलेल्या 108 जागा हाती लागल्या, तर 2022मध्ये सुमारे 77,000 रुग्णांतून 287.

यातले बहुसंख्य रुग्ण युरोपीय वंशाचे. शेजारशेजारचे जनुकीय फरक एकत्र वारशाने येण्याची घडण प्रत्येक लोकसमूहात वेगळी असते, त्यामुळे तिथली बेरीज भारतीयांना लावली की तिचा नेम ढळतो. हे नुसत्या संगणकी दुरुस्तीने भागणारं नाही, इथले नमुने हवेत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत अनेक जण आजारी असलेल्या कुटुंबांचा अभ्यास चालू आहे, तो म्हणूनच मोलाचा.